गोगलगायी, साबण आणि पाच हजार पौंड

इ.स. १७३९ च्या जून महिन्यात 'लंडन गॅझेट' या इंग्लंडच्या सरकारी राजपत्रात एक कृती छापून आली. औषधे तीन होती: एक चूर्ण, एक काढा आणि काही गोळ्या. चूर्णात अंड्यांची कवचे आणि गोगलगायी, दोन्ही मुशीत घालून भाजलेल्या. काढ्यात काही वनस्पती, आणि त्यांच्याबरोबर उकळायचा एक गोळा. तो साबण, जाळून काळी केलेली एक रानटी पालेभाजी आणि मध यांचा वळलेला. गोळ्यांत पुन्हा भाजलेल्या गोगलगायी, रानगाजराचे बी आणि आणखी काही बिया व फळे, सारे काळे होईपर्यंत जाळलेले, वर साबण आणि मध. कवचे भाजल्यावर मातीच्या पसरट भांड्यात दोन महिने उघडी ठेवायची, म्हणजे ती आपोआप भुगा होतात, अशीही सूचना होती. साबण स्पेनमधील अलिकांते येथील हवा. ही कृती मुतखडा विरघळवते असा दावा होता, आणि तिच्यासाठी ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ५००० पौंड मंजूर केले होते. औषध विकणाऱ्या बाईंचे नाव जोआना स्टीफन्स.

वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा करमणुकीसाठी सांगितला जातो. आम्हाला तो तसा वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तर त्याकडे मुद्दाम पाहावे, कारण या औषधाचा सर्वांत मोठा पाठीराखा आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. 'ऑब्झर्वेशन्स ऑन मॅन' (१७४९) हा ग्रंथ लिहिणारा डेव्हिड हार्टली तो हाच. मनातील कल्पना एकमेकींना साखळीने जोडल्या जातात, ही त्याची साहचर्याची उपपत्ती वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांच्या काव्यविचाराच्या पायाशी आहे, हे आपण पदव्युत्तर वर्गात शिकतो आणि शिकवतो. कोलरिजने १७९६ साली आपल्या पहिल्या मुलाचे नाव डेव्हिड हार्टली ठेवले. (पुढे त्याचे तत्त्वज्ञान पालटले, आणि १७९८ साली जन्मलेल्या दुसऱ्या मुलाचे नाव त्याने बर्कले ठेवले. त्या बिशप बर्कलेनेही १७४४ साली 'सायरिस' नावाचा ग्रंथ लिहून डांबराचे पाणी हे बहुतेक सर्व रोगांवरचे औषध म्हणून पुढे आणले होते. कोलरिजच्या दोन्ही मुलांना नावे देणारे तत्त्वज्ञ एकेका घरगुती औषधाचे प्रचारक निघावेत, या योगायोगाची नोंद आम्ही अन्यत्र कोठे वाचलेली नाही.)

मुतखड्याची त्या काळातील भीती आज कल्पनेने उभी करावी लागते. आज आपण मुतखडा म्हणतो तेव्हा मूत्रपिंडात तयार होऊन मूत्रनलिकेत अडकणारा खडा डोळ्यांसमोर असतो. अठराव्या शतकातील युरोपात लोकांना ठाऊक असलेला मुतखडा मुख्यतः मूत्राशयातला होता. वर्षानुवर्षे वाढत जाणारा, कधी कोंबडीच्या अंड्याएवढा, कधी त्याहून मोठा. सॅम्युअल पीप्सने २६ मार्च १६५८ रोजी असा खडा शस्त्रक्रियेने काढून घेतला. तो टेनिसच्या चेंडूएवढा असल्याचे सांगितले जाते. पीप्सने त्यासाठी एक खास डबी करून घेतली आणि शस्त्रक्रियेचा वाढदिवस पुढे मेजवानीने साजरा केला. रोजनिशी सुरू झाली ती त्यानंतर, १६६० च्या आरंभी. ती शस्त्रक्रिया बिघडली असती तर इंग्रजी साहित्य एका मोठ्या रोजनिशीला मुकले असते. भूल नव्हती, जंतुनाशके नव्हती. आपल्याकडे सुश्रुताने अश्मरीच्या चिकित्सेत जे म्हटले आहे त्यातही हाच पेच आहे: कुशल वैद्याच्या हातूनही यश अनिश्चित, आणि शस्त्र न लावल्यास मृत्यू निश्चित, म्हणून राजाची अनुमती घेऊनच शस्त्र हाती धरावे. राजाला विचारायचे ते रोगी दगावला तर वैद्यावर बालंट येऊ नये म्हणून, असे आम्हाला वाटते.

लंडनमध्ये या शस्त्रक्रियेत विल्यम चेसेल्डनचा हात धरणारा कोणी नव्हता. मिनिटभरात तो खडा बाहेर काढत असे. त्याने एक गोष्ट केली, जिचे महत्त्व पुढे कळेल: त्याने हिशेब ठेवला. सेंट थॉमस रुग्णालयात त्याने २१३ रोग्यांवर शस्त्रक्रिया केली आणि त्यांतील २० दगावले, असे त्याने छापून सांगितले; कोणत्या वयाचे किती, हेही सांगितले. देशातील सर्वोत्तम शल्यवैद्याकडेही सुमारे दहा-अकरांत एक मृत्यू. अशा वेळी कोणी बाई म्हणू लागली की चाकूविना, केवळ पोटातून घ्यावयाच्या औषधाने खडा विरघळतो, तर लोक तिच्या दाराशी का जाणार नाहीत?

जोआना स्टीफन्सबाईंविषयी फार थोडे ज्ञात आहे. त्या वैद्य नव्हत्या. काही वर्षे त्या हे औषध देत होत्या आणि त्यांच्या रोग्यांत समाजातील वजनदार माणसे होती. १७३८ साली त्यांनी जाहीर केले की ५००० पौंड मिळाल्यास आपण कृती सर्वांसाठी खुली करू. प्रथम लोकवर्गणीचा मार्ग चोखाळण्यात आला. सरदार, बिशप, उमराव स्त्रिया यांनी नावे घातली. तरी रक्कम तेराशे पौंडांच्या थोडी वर जाऊन थांबली. मग हार्टली आणि त्याच्या मित्रांनी संसदेकडे धाव घेतली. १७३९ च्या कायद्याने विश्वस्त नेमले गेले. त्यांत कँटरबरीच्या आर्चबिशपपासून चेसेल्डनपर्यंत अनेक नामांकित माणसे होती. ज्याचे उत्पन्न खडा कापण्यावर अवलंबून होते, त्यालाच खडा विरघळवणाऱ्या औषधाचा परीक्षक नेमण्यात आले होते, आणि त्याने प्रामाणिकपणे परीक्षा केली. चार रोगी निवडले गेले. औषधापूर्वी त्यांच्या मूत्राशयात धातूची सळई घालून खडा हाताला लागतो याची खात्री केली गेली. औषधानंतर पुन्हा सळई घातली, तेव्हा तो लागेना. मार्च १७४० मध्ये विश्वस्तांनी समाधान व्यक्त केले आणि बाईंना पैसे मिळाले. त्यानंतर त्या इतिहासाच्या पानांवरून जवळजवळ नाहीशाच होतात.

आमच्या दृष्टीने या प्रकरणातील खरा वाङ्मयीन दस्तऐवज म्हणजे हार्टलीने १७३९ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक. श्रीमती स्टीफन्स यांच्या औषधांच्या बाजूचा आणि विरुद्धचा उपलब्ध पुरावा, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्यात १५५ रोग्यांच्या हकिगती आहेत, आणि त्यांतली एक खुद्द हार्टलीची. पुस्तकाला प्रचारपत्रक म्हणणे अन्यायाचे होईल. नावात 'विरुद्ध' हा शब्द आहे आणि तो शोभेपुरता नाही. गुण न आलेल्या रोग्यांनाही त्याने जागा दिली आहे. तरीही ते वाचताना लक्षात येते की आपण एका विशिष्ट वाङ्मयप्रकारात वावरत आहोत. दुःख किती वर्षांचे होते, कोणकोणते उपाय थकले, औषध कधी सुरू झाले, लघवीवाटे काय पडले, आता किती चालवते, घोड्यावर बसवते की नाही. व्याधीपासून आरामापर्यंतचा हा प्रवास आपल्याला संतचरित्रांतल्या आणि व्रतकथांतल्या फलश्रुतीवरून ओळखीचा आहे. उतला नाही, मातला नाही, नेमाने घेत राहिला आणि गुण आला. ज्याला गुण आला नाही, त्याच्या हकिगतीत नेम मोडल्याचा किंवा औषध मध्येच सोडल्याचा उल्लेख डोकावणारच, कारण कथेला कारण लागते.

या हकिगती खोट्या होत्या असे आम्हाला म्हणावयाचे नाही. प्रश्न त्यापेक्षा अवघड आहे. औषध घेतल्यावर लघवीवाटे पांढरा गाळ आणि कपच्या पडत, आणि त्या विरघळणाऱ्या खड्याच्या मानल्या जात. पण जो माणूस रोज भाजलेल्या कवचांचा चुना पोटात घालतो, त्याच्या लघवीतला पांढरा गाळ खड्याचाच कशावरून? सळईला खडा न लागणे म्हणजे खडा नसणे, असेही नाही. मूत्राशयाच्या एखाद्या खळग्यात तो दडून बसू शकतो. वेदना थांबणे म्हणजे खडा जाणे नव्हे. प्रत्येक साक्षीदार स्वतःच्या शरीराविषयी खरे सांगत होता, आणि तरीही साक्ष ज्या गोष्टीची म्हणून नोंदली गेली, तिची ती नव्हती.

हे ओळखणारा एक वाचक दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. माँतेनचे वडील मूत्राशयातील खड्याने हाल होऊन वारले, आणि चाळिशी उलटल्यावर त्यालाही तीच व्याधी जडली. १५८० आणि १५८१ मध्ये तो जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असा हिंडला, त्यामागे औषधी पाण्याच्या झऱ्यांची ओढ मोठी होती. लुक्काजवळच्या झऱ्यांवर त्याने किती पेले पाणी प्यालो आणि किती बाहेर पडले याचा रोजचा हिशेब लिहिला आहे. (ही प्रवासाची टाचणवही १७७० साली एका जुन्या पेटीत सापडली आणि १७७४ मध्ये छापली गेली.) मुलांचे बापाशी असलेले साम्य या विषयावरच्या निबंधात त्याने वैद्यांची जी खबर घेतली आहे, तीत एका बोकडाची गोष्ट आहे. विशिष्ट चारा घालून वाढवलेल्या बोकडाचे रक्त मुतखड्यावर रामबाण, असे त्याच्या कानी आले होते. त्याने घरी तसा बोकड वाढवला. कापला तेव्हा त्याच्या पोटात मोठाले घट्ट गोळे निघाले. माँतेनचा निष्कर्ष साधा होता: ज्याला स्वतःलाच खडे होण्याच्या बेतात आहेत, त्याचे रक्त माझा खडा काय विरघळवणार? बोकडाच्या पोटातील गोळे आणि माणसाचा मुतखडा या भिन्न वस्तू आहेत, हे आज आपण जाणतो, तेव्हा त्याचे अनुमान कच्चेच होते. पण औषधाच्या आत रोग असू शकतो ही शंका त्याने घेतली, आणि हार्टलीच्या पुस्तकात नेमकी हीच शंका नाही.

हार्टलीचे हे मौन अधिक चटका लावते, कारण शंका घेण्याचे साधन त्याच्यापाशी होते. 'ऑब्झर्वेशन्स ऑन मॅन'मध्ये त्याने संभाव्यतेच्या गणितावर लिहिले आहे; कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या उलट्या प्रश्नाचे उत्तर एका बुद्धिमान मित्राने आपल्याला कळवले आहे, असेही तो सांगतो. हा मित्र कोण यावर गणिताच्या इतिहासकारांत अजून वाद आहे. बेझचे नाव त्यात अर्थातच घेतले जाते. याच वर्तुळातला जेम्स ज्युरिन तर मोजणीचा आद्य प्रवर्तक. १७२० च्या दशकात देवी टोचण्यावरून इंग्लंडमध्ये रण माजले असता त्याने देशभरातून आकडे मागवले आणि दाखवून दिले की देवी आपोआप आलेल्यांत सहा-सातांतला एक मरतो, तर टोचून घेतलेल्यांत पन्नासातला एखादा. पुढे ज्युरिनला स्वतःला मुतखडा झाला. साबणातला दाहक अल्कली हाच औषधाचा प्राण आहे, असे ठरवून त्याने त्याचा अतितीव्र अर्क तयार केला, स्वतः घेतला, बरा झाल्याचे छापले आणि निवृत्त पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलला दिला. वॉलपोल मार्च १७४५ मध्ये वारला. राजशल्यवैद्य रॅनबीने त्याच्या शेवटच्या आजाराचे कथन प्रसिद्ध करून दोष ज्युरिनच्या अर्काला दिला आणि दोन्ही बाजूंनी पत्रकांचा मारा सुरू झाला. देवीच्या बाबतीत हजारोंची नोंद मागवणारा हा माणूस स्वतःच्या मुतखड्यापाशी आल्यावर एका माणसाच्या गोष्टीवर थांबला, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतः.

त्या मानाने वॉलपोलचा भाऊ, थोरला होरेस वॉलपोल, याची हकिगत अधिक बोलकी आहे. त्याने साबण आणि चुन्याची निवळी वर्षानुवर्षे घेतली, आराम पडल्याचे रॉयल सोसायटीला सविस्तर कळवले आणि ते तिच्या नियतकालिकात छापूनही आले. १७५७ साली तो वारला तेव्हा शवविच्छेदन झाले. मूत्राशयात खडे होते. म्हणजे आराम खरा होता आणि खडेही खरे होते. हार्टलीही त्याच वर्षी वारला, मुतखड्यानेच. आयुष्यात त्याने एकूण दोनशे पौंड वजनाचा साबण खाल्ला, असे सांगितले जाते.

तरी हा सारा खटाटोप वाया गेला असे नाही. विश्वस्तांपैकी एक असलेल्या स्टीफन हेल्सने कृतीतील एकेक घटक वेगळा करून तपासला आणि गोगलगायी, बिया, मध यांना बाजूला सारून चुना आणि साबणातला अल्कली तेवढे शिल्लक ठेवले. एडिनबरोत रॉबर्ट व्हाइट आणि चार्ल्स ऑल्स्टन या दोन प्राध्यापकांत चुनखडीचा चुना गुणकारी की शिंपल्यांचा, यावर कडाक्याचा वाद झाला. व्हाइट शिंपल्यांच्या बाजूचा. (कोकणात शिंपल्यांचा चुना भाजला जात असे आणि पानाला लावला जात असे, त्यामुळे हा वाद आपल्याला तितका परका वाटू नये.) या वादात पडू नये म्हणून जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुण विद्यार्थ्याने खडा विरघळवणारे सौम्य द्रव्य मॅग्नेशियात शोधायचे ठरवले. खडा विरघळला नाही. पण मॅग्नेशिया तापवल्यावर जी 'स्थिर हवा' बाहेर पडते, तिचा छडा त्याने १७५४ च्या प्रबंधात आणि १७५६ च्या लेखात लावला. तो कार्बन डायऑक्साइड. आधुनिक रसायनशास्त्राचा एक दगड असा मुतखड्याच्या खाणीतून निघालेला आहे.

खडा म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, हे कळायला आणखी वेळ गेला. शेले या स्वीडिश औषध-रसायनज्ञाने १७७६ साली खड्यात युरिक आम्ल शोधले. वुलस्टनने १७९७ च्या निबंधात तुतीच्या फळासारखे खडबडीत दिसणारे खडे ऑक्झलेटचे आहेत आणि काही फॉस्फेटचे आहेत हे दाखवले. येथे १५५ हकिगतींवर नवा प्रकाश पडतो. युरिक आम्लाचा खडा अल्कलीने खरोखरच विरघळतो. पोटॅशियम सायट्रेट देऊन आजही तो विरघळवतात. फॉस्फेटचा खडा मात्र अल्कलीने वाढतो. स्टीफन्सबाईंच्या औषधाने एखाद्याचा खडा विरघळला असेल आणि शेजारच्याचा फुगला असेल. ज्याचा विरघळला त्याने हकिगत लिहिली.

आता आपण विसाव्या शतकात येऊ. मधल्या काळात दोन गोष्टी पालटल्या होत्या. युरोप-अमेरिकेत मूत्राशयातील खडे कमी झाले आणि मूत्रपिंडातील वाढले. त्यांतील बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. दुसरा बदल आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्टीफन्सबाईंचे औषध रोगी घेत असे. विसाव्या शतकात तीच द्रव्ये निरोगी माणूस घेऊ लागला, पुढे रोग होऊ नये म्हणून. औषधाचे 'पूरक' झाले. मधली एक पायरी बोधप्रद आहे: १९१५ च्या सुमारास शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी जठरव्रणावर दूध आणि अल्कली यांचा तासातासाने मारा करण्याची पद्धत रूढ केली. १९२३ पर्यंत तिचे विषारी परिणाम नोंदले गेले: रक्तात कॅल्शियम चढते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, त्यांत चुना साचतो. कॅल्शियम आणि अल्कली हीच जोडी स्टीफन्सबाईंच्या चूर्णात आणि साबणात होती.

कॅल्शियमच्या बाबतीत डॉक्टरांचा जुना सल्ला सरळ तर्काचा होता. खडा कॅल्शियमचा, तेव्हा दूध-दही कमी करा. १९९३ साली गॅरी करहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५,६१९ पुरुषांच्या चार वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि तो तर्क उलटा पडला: ज्यांच्या आहारात कॅल्शियम सर्वाधिक, त्यांच्यात खड्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. १९९७ साली त्याच संशोधकांनी ९१,७३१ परिचारिकांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. येथे चित्र दुभंगले. आहारातले कॅल्शियम पुन्हा रक्षणकर्ते ठरले. गोळीतले कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांत मात्र धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक. द्रव्य एकच, मार्ग दोन, परिणाम विरुद्ध. यावरचे एक स्पष्टीकरण असे की जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि मलावाटे बाहेर नेते. जेवणाशी संबंध तोडून घेतलेली गोळी हे काम करीत नाही आणि लघवीतले कॅल्शियम तेवढे वाढवते. 'अमुक पदार्थात अमुक तत्त्व' असे म्हणून तत्त्व वेगळे काढायचे आणि बाटलीत भरायचे, ही हेल्सने सुरू केलेली वाट येथे अडखळते. वाक्यातून काढलेला शब्द तोच अर्थ देईल याची खात्री नसते, हे निदान साहित्याच्या विद्यार्थ्याला पटवून सांगावे लागू नये.

यानंतर २००६ साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. रजोनिवृत्ती झालेल्या ३६,२८२ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही कार्बोनेटच्या रूपात, आणि ४०० एकक ड जीवनसत्त्व. दुसऱ्याला दिसायला तशीच पण निर्गुण गोळी. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे अंड्याचे कवच ज्याचे बनलेले असते ते द्रव्य. सात वर्षांनी पहिल्या गटात ४४९ स्त्रियांनी मुतखडा झाल्याचे सांगितले, दुसऱ्यात ३८१. धोका १७ टक्क्यांनी अधिक. हाडांची घनता किंचित वाढली. पण नितंबाच्या हाडाचे मोडणे कमी झाले असे निःसंशय म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

या दोन आकड्यांतला फरक ६८ आहे. आमचे मन या ६८ पाशी घोटाळते. दोन्ही गट जवळजवळ समसंख्य, म्हणजे ढोबळमानाने इतक्या स्त्रियांना गोळीमुळे खडा झाला असे म्हणता येते. पण त्या कोण, हे कोणालाही सांगता येणार नाही. ४४९ पैकी प्रत्येकीला वेदना झाल्या, प्रत्येकीची आपापली हकिगत असेल. आणि तरीही त्यांतल्या एकीलाही 'माझा खडा गोळीमुळे झाला' असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण गोळी न घेताही तो ३८१ जणींना झालाच होता. येथे एक घटना घडलेली आहे आणि तिला निवेदक नाही. हार्टलीच्या १५५ जणांपैकी ज्यांना लाभ झाला, त्यांतल्या प्रत्येकाला तो स्वतःच्या देहात जाणवला आणि सांगता आला. हानी मात्र अशी की ती फक्त दोन रकाने शेजारी ठेवल्यावर दिसते. हार्टलीच्या पुस्तकात दुसरा रकाना नाही. जे औषध न घेताच बरे राहिले ते लिहायला आले नाहीत. जे औषध घेऊन मेले त्यांना लिहिता आले नाही.

आणि म्हणूनच अधिकारी माणसाच्या साक्षीचे वजन आजही घटत नाही. लायनस पॉलिंग हे रसायनशास्त्र (१९५४) आणि शांतता (१९६२) अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवणारे गृहस्थ. १९७० साली त्यांनी सर्दी आणि क जीवनसत्त्व यांवर पुस्तक लिहिले, आणि ते स्वतः रोज कित्येक ग्रॅम क जीवनसत्त्व घेत. आहारात त्याची गरज ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते. ते ९३ वर्षे जगले. ही साक्ष कोण नाकारणार? पण शरीर क जीवनसत्त्वाच्या काही भागाचे ऑक्झलेट करते, आणि ते लघवीवाटे जाते. स्वीडनमध्ये २३,३५५ पुरुषांचा अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांतील ४३६ जणांना प्रथमच मुतखडा झाला, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत त्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. या गोळ्या साधारण १००० मिलिग्रॅमच्या असत. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, आणि त्यात स्त्रिया नव्हत्या. अमेरिकेतल्या अभ्यासांत स्त्रियांत असा संबंध आढळलेलाही नाही. तेव्हा 'क जीवनसत्त्वाने खडे होतात' असे सरसकट विधान करणे म्हणजे पुन्हा एक हकिगत रचणे होईल.

१७३९ साली संसदेने पैसे मोजले ते गुपित उघड व्हावे आणि त्याची परीक्षा व्हावी म्हणून. परीक्षा चार रोग्यांची होती आणि फसवी होती, पण पैसे परीक्षेनंतर दिले गेले. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आहारपूरके खाद्याच्या वर्गात घातली; त्यामुळे ती बाजारात आणण्यापूर्वी गुणकारी असल्याचे सिद्ध करून शासनाची संमती मिळवावी लागत नाही. गोगलगायींवर हसताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

मूत्ररोगतज्ज्ञांचा आजचा सल्ला फारसा नाट्यमय नाही. पाणी भरपूर प्यावे. कॅल्शियम शक्यतो दूध-दह्यातून, नाचणीतून घ्यावे. गोळी घ्यावीच लागली तर जेवणासोबत घ्यावी. पूर्वी खडा झालेल्याने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. औषधांच्या दुकानांत आज 'ऑयस्टर शेल कॅल्शियम' असे लिहिलेल्या बाटल्या मिळतात. ते म्हणजे व्हाइटने एडिनबरोत मुतखड्यावर दिलेले शिंपलेच, केवळ न भाजलेले. आणि ती बाटली हाती असलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, पूर्वी कधी मुतखडा झाला होता का?